घरात लेखक असतात

दारावर नावाच्या खाली पितळी अक्षरांत 'लेखक' असं लावून घेतलं, तेव्हा जेठांच्या, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांच्या, कादंबरीला सुरुवातही झाली नव्हती. पण माणसानं आधी स्वतःला मानायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःला इतकं मानलं, की पुढे लिहायची गरजच उरली नाही.

नोकरी सोडली, घरातली उजेडाची खोली घेतली आणि आत जाऊन बसले. एवढ्या वर्षांत अर्पणपत्रिका तेवढी लिहून झाली होती, तीही पक्की नव्हती. धाकट्या भावानं चष्मा आणून दिला की पुस्तक त्याला अर्पण. तो कामाधंद्याबद्दल काही बोलला की त्याचं नाव गळालं.

"पंखा पुसून दिलास तर तुलाही घेतो हं," ते तिला, त्या भावाच्या बायकोला, म्हणत. ती पंखा पुसायची, पण त्या निमित्तानं आपल्या लेकीला, ठमीला, त्या खोलीतली चिमूटभर हवा मिळावी म्हणून. पहिलं पान नसलेल्या पुस्तकात तिला जागा नको होती.

न्याहारी झाली की जेठ दार लोटून घेत आणि घर चवड्यांवर चालू लागे. सासूबाई भांडी फडक्यावर पालथी घालत. ठमी तान्ही असताना रडली की तिला न्हाणीघरात नेऊन नळ सोडायचा, अशी रीतच पडली होती. बाकीची पोरं आधी 'आई', 'बाबा' म्हणतात. ठमी आधी 'शू' म्हणाली. सगळ्यांना केवढं कौतुक! किती समंजस पोर.

आज ती ठमीला शाळेतून आणायला गेली, तेव्हा शिशुवर्गाच्या बाईंनी तिला आत बोलावून घेतलं.

"ठमी संडासात अडकली होती. आतून कडी लागली. आम्ही अख्खी शाळा पालथी घातली, शेवटी दाराखालून चप्पल दिसली. तोंड उघडं, डोळे गळतायत, आणि आवाज नाही. हाक मारली नाही हो तिनं! घशाचं काही आहे का?"

"नाही."

"घरात कुणी आजारी असतं?"

"नाही हो. लेखक असतात."

बाई हसल्या. तिला हसता येईना.

रस्त्यात तिनं ठमीला कडेवर घेतलं. "ओरड बघू, राणी. आई म्हण. जोरात!" ठमीनं इकडेतिकडे पाहिलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि नुसता श्वास सोडला, "आई." कान उबेनं ओला झाला.

दारात सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आज त्याला सुचतंय."

"आई, आज पोर कोंडली गेली होती. तिला हाक मारता आली नाही."

"अगं बाई! ...पण हळू बोल."

तिनं सरळ जाऊन खोलीचं दार उघडलं. जेठ वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत होते.

"दार वाजवायची काही पद्धत? लय तुटली ना माझी!"

"काय लिहिताय?"

"लिहिणं म्हणजे कागद काळे करणं वाटतं तुला? चिंतन असतं. लेखक ही वृत्ती आहे, तुला नाही कळायचं."

"नकोच कळायला." ती ठमीकडे वळली. "काका काय करतायत गं?"

"लिहितायत," ठमी कुजबुजली. पाठच होतं ते.

"नीट बघ."

ठमीनं पाहिलं. वाकून, निरखून पाहिलं. "नखं..."

"मला ऐकू नाही आलं. आजीलाही नाही. मोठ्यानं सांग."

"तिला बाहेर ने," जेठ म्हणाले आणि त्यांनी पाय आखडून घेतला.

ठमीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे बोट नव्हतं. मग तिनं छाती भरून घेतली. न वापरलेला, चिरका, कडी काढल्यासारखा आवाज निघाला, "काका नखं कापतायत!"

स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. मग हसली आणि पुन्हा ओरडली. आणखी मोठ्यानं.

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. नातीचा असा मोकळा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग खणखणीत उत्तर आलं, "कापू देत, बाळा! आणि त्याला म्हणावं, पडलेली तूच उचल!"