थांबलेली नाडी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराजांनी डोळे मिटून डावा हात पुढे केला. पहिल्या रांगेतल्या निवृत्त हेडमास्तरांनी मनगट चाचपलं आणि नाडी थांबल्याचं जाहीर केलं. मिनिटभराने ती परत आली.

"आम्ही मृत्यूला जरा बाहेर बसवून ठेवतो," महाराज म्हणाले. "डॉक्टरांना नुसती कापाकापी येते."

टाळ्या वाजवणाऱ्यांत मागे बसलेल्या एका नर्सचे वडील होते. ती हृदयाच्या वाहिन्या तपासून उघडतात त्या कॅथलॅबमध्ये सिस्टर. वडिलांच्या हृदयाच्या तुंबलेल्या वाहिन्या उघडायच्या होत्या, पण हृदय इतकं थकलेलं, की तेवढ्या वेळापुरता आत छोटा पंप बसवणं भाग होतं. मांडीची रक्तवाहिनी अरुंद झालेली, म्हणून डॉक्टर तो काखेजवळच्या रक्तवाहिनीतून सरकवणार होते. ठरलेली तारीख उलटून आठ दिवस झाले होते. महाराजांच्या भरवशावर वडील दवाखान्यात गेलेच नव्हते.

"नाडी बघायला तूच शिकवलंस ना?" ते म्हणाले होते. "त्यांची मी माझ्या बोटांनी बघितली. नव्हती."

ती नाडी तिला स्वतः बघायची होती. म्हणून आज रजा टाकून ती आली होती.

महाराजांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा ती व्यासपीठावर चढली. मनगटात नाडी खरंच नव्हती. मग तिला महाराजांचा दंड दिसला, अंगाशी घट्ट आवळलेला. हाताला रक्त काखेतूनच जातं, हे ती रोज पडद्यावर बघत होती. तिने दोन बोटं त्यांच्या मानेवर ठेवली. तिथे नाडी चांगली धावत होती.

"मान जिवंत आणि हात तेवढा मेलेला? महाराज, हात जरा वर करा."

ते तपश्चर्येवर बोलू लागले. तिने सरळ कोपर उचललं. बाहीतून रबरी चेंडू पडला आणि घरंगळत हेडमास्तरांच्या पायाशी गेला. काखेत चेंडू दाबला की रक्तवाहिनी दबते आणि मनगट गप्प होतं. सिद्धी काय ती एवढीच. हेडमास्तरांनी चेंडू उचलला, पुसला आणि महाराजांना अदबीने परत दिला.

वडील त्याच दुपारी दवाखान्यात दाखल झाले. पंप नीट बसला, पण त्या आठ दिवसांत हृदय पार खचलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. आदल्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मानेवरची का नाही शिकवलीस गं?"

आता ती रुग्णांच्या प्रत्येक नातेवाइकाला दोन्ही जागा दाखवते. तुम्हीही शिकून घ्या. कुणी थांबलेलं मनगट पुढे केलं, तर हलकेच मानेवर बोटं ठेवून बघा. आणि ते बघायचं, तर पहिल्याच दिवशी बघा.