डबा तापला तर

खाणीतल्या आगीतून वर आणलेल्या थिएपला स्ट्रेचरवरून खाली घेतलं तेव्हा त्याचे ओठ भाजून टरारले होते. ते बघून लुयेनला हायसं वाटलं. म्हणजे यानं डबा तोंडातून काढला नव्हता. आता तिच्या नवऱ्यानं, ख्वातनंही काढला नसला म्हणजे झालं.

व्हिएतनाममधल्या काम फा शहराच्या कोळसाखाणीत लुयेन दिवेघरात कामाला होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा आणि कमरेला लावायचा डबा तीच द्यायची. खाणीत आग लागली की डब्याची नळी दातांत धरायची आणि नाकाला चिमटा लावायचा. आत तांब्याची नि मँगनीजची ऑक्साइडं. कार्बन मोनॉक्साइड त्यांना भिडला की त्याचं विष मोडतं, पण डबा तापतो. हवा जितकी विषारी, तितका जास्त.

तोंड पोळलं तरी काढू नका, असं ती प्रत्येकाला बजावायची. सगळ्यात जास्त टिंगल तिचा नवराच करायचा.

"घरी कालवण गरम, इथं डबा गरम," ख्वात रांगेतून ओरडायचा. "ही बाई मला गार काही लाभूच देत नाही."

रांग हसायची. लुयेनही हसायची.

सरावाला मात्र रिकामे डबे असायचे, कारण खरा एकदा उघडला की वाया जातो. रिकाम्यातून गार हवा यायची, आणि वर्षानुवर्षं तीच माणसांच्या अंगवळणी पडली होती. ते डबेही लुयेनच वाटायची.

"भावजी, हे कुठायत?" तिनं नवऱ्याच्या या दोस्ताला विचारलं.

थिएपला धड बोलता येत नव्हतं. "बरोबरच होतो, वहिनी. मधेच त्यानं नळी काढली. म्हणाला, माझा बिघडलाय, आग ओकतोय. बोलायला गेलो असतो तर माझी सुटली असती. नुसत्या खुणा करत राहिलो, घाल परत, घाल परत. तो खालीच बसला."

लुयेननं त्याच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार होती ती?

ख्वातला वर आणलं तेव्हा त्याची आई पोचली होती. त्या विषानं त्याचा जीव घेतला होता आणि गाल लालसर करून ठेवले होते, नुकता जेवून आडवा झाल्यासारखे. म्हातारीनं डोक्यावरून पदरासारख्या ओढलेल्या रुमालानं त्याच्या तोंडावरची काजळी पुसली आणि ओठांवरून बोट फिरवलं.

"त्या थिएपकडे बघवत नाही गं," ती सुनेला म्हणाली. "माझ्या लेकराला नाही ना भाजलं कुठं?"

"नाही, आई," लुयेन म्हणाली. "जरासुद्धा नाही."