वरची लाईन, खालची लाईन

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

एक प्लंबर आहे, पासष्टीचा. त्याची मुलगी, जिला घरात सगळे मधलीच म्हणतात, तीच त्याला दवाखान्यात नेते. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला. झालं! हा माणूस भेटेल त्याला सांगत सुटला, "लाईन साफ झाली, आता बघायचं काम नाही." आणि सिगारेट परत सुरू!

मग चालताना पोटरीत गोळे यायला लागले. शंभर पावलं झाली की थांबायचं, दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करायचं, दोन मिनिटांत बरं वाटलं की पुढे.

"बाबा, डॉक्टरांकडे चला."

"अगं, थांबलं की जातं. तो काय आजार?"

मधलीने कपाळावर हात मारला. पण नेलंच.

डॉक्टरांनी दंडाचं प्रेशर घेतलं, मग घोट्याचं. घोट्याचं जेमतेम निम्मं! म्हणाले, "पायाच्या धमन्याही बुजल्यात. रोग तोच, जागा वेगळी."

"पण साहेब, लाईन साफ केलीत ना?"

"एक तुकडा मोकळा केला. गंज घरभरच्या पाइपात आहे. आधी ती सिगारेट सोडा."

गंज म्हटल्यावर मात्र त्याला लगेच पटलं. पुढचं डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. छातीत दुखलं तर मात्र जिथे असाल तिथे बसा आणि अॅम्ब्युलन्स बोलवा. मधलीने ते डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं, हा दोन्ही वेळा "हो हो" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दोघं फिरायला निघाली. पोटरी जरा कुरकुरली की हा बाकावर!

"उठा बाबा, अजून थोडं."

"दुखलं की बसायचं, डॉक्टरच म्हणाले."

भांडभांड भांडून तिने त्याला उठवलं. पुढे पुलाच्या चढावर बघते तर काय, तोंड पांढरंफटक, घाम, हात छातीवर, आणि हा चालतोच आहे!

"बाबा, बसा!"

"मघाशी उठवलंस, आता बसवतेस? दुखलं तरी चालायचं ना? रोग एकच आहे ना?"

"रोग एकच, पण खालची लाईन दुखली तर चालवायची, वरची दुखली तर मेन कॉक बंद! बसा म्हणते ना!"

मेन कॉक म्हटल्यावर बसला, बाई. शेजारी बसून तिने रडत, ओरडत अॅम्ब्युलन्स बोलावली. वेळेत पोचली. नवा अडथळा निघाला, तोही मोकळा केला.

आणि जरा बरं वाटल्या वाटल्या हा डॉक्टरांना काय सांगतो? "मी बसलोच होतो साहेब, हिनेच उठवलं."

खोटं कुठे होतं?

आता डॉक्टर म्हणतात, थोड्या दिवसांनी पायासाठी परत चालायला लागेल, नाहीतर पाय जायची भीती. आणि हा म्हणतो, मधली सोबत असेल तरच. रोज पोटरी दुखली की हा तिच्या तोंडाकडे बघणार, उठू की बसू?

सांग ना, तिच्या जागी तू काय केलं असतंस?