हळदीच्या पोटाचा लाकडी मासा

मी एक जुना मासा आहे, मित्रांनो. पण मला ना कल्ले, ना काटे. सीडरच्या लाकडाचा, टीचभर लांबीचा, पोटाखाली दोन गळ लोंबणारा. खरा मासा मला पाहतो, भुलतो आणि तोंडात धरतो. फसवणूक हाच माझा धंदा म्हणा ना. तरी माझी गोष्ट ऐकलीत, तर तुम्ही मला अगदीच वाईट म्हणणार नाही, अशी आशा आहे.

माझा जन्म विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, एका तळ्याकाठच्या दुकानात झाला. बाहेर तळं इतकं गोठलं होतं, की त्यावरून मोटारी जात. आत शेगडीपाशी बसून ऑर्विल नावाचा म्हातारा मला तासत होता. त्यानं मला घासून गुळगुळीत केलं, पाण्यात तोल जाऊ नये म्हणून पोटात शिशाची गोळी बसवली, पाठ हिरवी रंगवली आणि अंगावर काळे पट्टे ओढले. तळ्यातल्या पर्च नावाच्या माशाचं पोट पिवळं असतं. पण ऑर्विलकडचा पिवळा रंग संपला होता. माझं पोट पांढरंच राहिलं. मग कितीतरी दिवस मी दुकानात टांगलेलाच. लोक हातात घेत, उलटं करून बघत, परत ठेवत.

अठरा वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी गुरुनाथकाका आले. भंडाऱ्याच्या तळ्यांकाठी वाढलेला माणूस. शिकागोजवळ राहून पुलांची कामं करायचे. पाणी दिसलं, की आधी बूट काढायचे. त्यांच्यासोबत वीणाकाकू होत्या आणि आठ वर्षांची इला. काकांनी मला उचललं आणि म्हणाले, हाच. बाकीचे फार चकचकीत आहेत, हा आपल्यातला वाटतो.

त्या तळ्याचं पाणी काय सांगू! दोन पुरुष खोल असलं, तरी तळाचा खडा न् खडा दिसावा. वसंतात बास जातीचा नर उथळ पाण्यात येतो. शेपटीनं रेती झाडून थाळीएवढं गोल अंगण करतो. मादी तिथं अंडी घालते आणि निघून जाते. मागे बाप राहतो. तो खात नाही, हलत नाही, नुसता पंखानं अंड्यांना वारा घालत बसतो. काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मला नेमकं त्या अंगणावरून ओढलं. बापानं मला पकडलं ते भुकेनं नाही, रागानं. घरात शिरलेल्या चोराला पकडावं तसं.

काका हरखून गेले. जवळच धक्क्यावर उभ्या काकू त्याहून हरखल्या. त्यांनी घरून निघतानाच खोबरं-लसणाचं वाटण करून बर्फाच्या पेटीत घालून आणलं होतं. त्या दिवसांत बास घरी न्यायला बंदी असते, हे काकांना माहीत होतं. काकूंना सांगायची हिंमत त्यांना झाली नव्हती. एवढ्यात शेजारच्या होडीतून ऑर्विल शांतपणे म्हणाला, "गुरु, खाली बघ."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. बाप होडीत तडफडत होता आणि खाली रुपयाएवढे छोटे मासे त्याच्या अंगणात घुसून अंडी टिपत होते. इला रडायलाच लागली. काकांनी घाईनं त्या बापाच्या ओठातून मला काढलं आणि त्याला पाण्यात सोडलं. तो बाणासारखा खाली गेला. छोटे मासे पांगले, बाप परत वारा घालू लागला. ते वाटण त्या दिवशी बटाट्याच्या रश्शात गेलं. जेवताना काकूंनी दोन ओळी जुळवल्या. पुढं प्रत्येक वसंतात त्या त्याच ओळी गुणगुणत:

पाणी गं नितळ, तळाची वाळू दिसे
बापाच्या पंखाखाली अंड्यांचं गाव वसे

त्याच वर्षी दसऱ्याला मला पाटावर मान मिळाला. एका बाजूला काकांचा लॅपटॉप, एका बाजूला इलाची सायकल-किल्ली, मधे मी. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं. माझ्या पोटावरच्या रंगाला बारीक तडे गेले होते, त्यांत हळद बसली ती बसलीच. दर दसऱ्याला थोडी थोडी. जे काम ऑर्विलच्या हातून राहिलं होतं, ते काकूंच्या हातून पुरं झालं. माझं पोट पिवळं झालं आणि मी पुरता पर्च दिसू लागलो.

काकांच्या मनात मात्र एकच मासा होता, मस्की. उभा धरला तर माणसाच्या कमरेच्या वर जाईल एवढा लांब, सुसरीसारख्या तोंडाचा, या पाण्याचा राजा. तो माझ्या मागं कितीदा तरी आला. होडीपर्यंत यायचा, बघायचा आणि वळून जायचा. पाहुण्यानं दारापर्यंत येऊन चपला न काढताच परतावं तसा. मराठी मंडळातले लोक काकांना विचारत, काय गुरुनाथराव, यंदा तरी मासा की नुसतीच हवा? काका हसून सोडून देत. दरवर्षी उत्तरेला जात राहिले.

मग त्यांचे हात थरथरू लागले. आधी चहाच्या कपात लाटा, मग सहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. काका गॅरेजमधल्या गळांच्या पेटीकडे फिरकेनासे झाले. दोन दसरे माझ्याविना गेले. माझे गळ गंजले, एका डोळ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. अंधारात पडून राहणं लाकडाला फार सोसत नाही, मित्रांनो. तडे वाढत जातात.

यंदा इला आली. आता ती मिनियापोलिसला नोकरी करते. तिनं पेटी उघडली, मला पुसलं, नवे तीन-तीन काट्यांचे गळ लावले आणि काकांना म्हणाली, "बाबा, धिस मे, आपण तळ्यावर जायचं. मी ड्राइव्ह करते, गाठी मी मारते. तुम्ही फक्त फेका."

काकांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "एकदा त्या मस्कीला हात लावायचाय गं. पुढच्या वर्षी हे हात रीळ फिरवतील की नाही, कोण सांगणार?"

मोसमाच्या पहिल्या दिवशी होडी लोटण्याआधी नारळ फोडायचा, ही काकांची रीत. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून नारळ आणलेला असायचाच. यंदा धक्क्याजवळच्या दगडावर काकांनी तीनदा आपटला, तीनदा हातातून निसटला. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून काकूंनी पेटीतला गळ कापायचा जड कटर उचलला आणि त्याच्या डोक्यानं एका घावात नारळ फोडला. "तुमच्या रॉडला आता मस्कीच लागणार, बघा," म्हणून प्रसाद वाटला. कटर तिथंच करवंटीशेजारी राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाणी अजून थंड होतं. थंड पाण्यात मोठे मासे सुस्त असतात, म्हणून काका मला अगदी हळू ओढत होते. ऊन पाणगवताच्या कोवळ्या कोंबांवर उतरलं होतं. त्यातला एक ओंडका हलला. तो ओंडका नव्हता. यावेळी पाहुणा दारात थांबला नाही. त्यानं मला आडवं धरलं आणि जबडा मिटला.

काकांच्या हातांनी कशी झुंज दिली, ते मला आतून नीट दिसलं नाही. दोरी थरथरत होती, एवढं जाणवलं. अखेर इलानं मोठं जाळं त्याच्याखाली घातलं आणि पाण्यातच धरून ठेवलं. तेव्हा कळलं, की माझा मागचा गळ त्याच्या कल्ल्याशी खोल रुतला आहे. पाण्यात रक्ताचा एक धागा निघाला. इलानं लांब पकडीनं ओढून पाहिलं. गळ हलेना.

"कटर द्या, बाबा."

काकांनी पेटी उपसली. मग धक्क्याकडे पाहिलं. शांत पाण्यावरून हाक लांब जाते. त्यांनी ती दिली. काकू अठरा वर्षांत कधी होडीत चढल्या नव्हत्या. पाण्याला त्या काठावरूनच नमस्कार करत. त्या दिवशी त्यांनी स्वेटरवर लाइफ जॅकेट चढवलं, काठाला बांधलेल्या पायडलच्या लाल बोटीत बसल्या आणि कटर मांडीवर घेऊन सरळ आमच्याकडे निघाल्या. वाटेत दोनदा गोल फिरल्या, तोंडानं देवाचं नाव चालू. जाळ्यातला मासा मात्र एका कुशीवर कलू लागला होता.

कटर हातात आला आणि काका थांबले. "पूजेची वस्तू आहे ही, वीणा. दसऱ्याला हळद वाहिलेली. हिच्यावर हत्यार कसं चालवू? आणखी एकदा पकडीनं बघतो."

"बाबा, त्याच्याकडे तेवढा वेळ नाहीये," इला म्हणाली.

काकूंनी पाण्यात पाहिलं, मग काकांकडे. "अहो, हळद मी वाहिली ना? मग मी सांगते, कापा."

काकांनी कटर कल्ल्याजवळ नेला. त्याची पाती एकमेकांवर वाजू लागली. आणखी बोटभर थरथरली असती, तर कल्लाच कापला गेला असता. तेव्हा काकूंनी आपल्या डगमगत्या बोटीतून वाकून काकांची दोन्ही मनगटं घट्ट धरली. चार हात एका कटरवर. कट्. कट्. कट्. तिन्ही काटे तुटले आणि मी पाण्यावर तरंगू लागलो.

मग काकांनी त्याला शेपटीपाशी धरलं. इलानं पोटाखाली हात दिला. काकू होड्या एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून काठ धरून बसल्या. सहा हात होते आणि फोटो काढायला एकही मोकळा नव्हता. कुणाला आठवलंही नाही. कल्ले आधी क्वचित उघडत होते, मग एका लयीत. काकांचे हात थरथरतच होते. माशानं त्याची तक्रार केली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं शेपटीचा एक फटका दिला, काकांच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि तो खोल निळ्यात उतरत गेला. पाणी इतकं स्वच्छ, की तो नाहीसा व्हायलाही वेळ लागला.

"लावला हात," काका म्हणाले. एवढंच.

आता मी तळ्याकाठच्या केबिनच्या खिडकीत वाळत पडलो आहे. पाठीवर दातांच्या खुणा आहेत. काकू म्हणत होत्या, याला देव्हाऱ्यात ठेवू. काका म्हणाले, देव्हाऱ्यात तो कोरडा पडेल. मला काकांचं पटलं. मित्रांनो, जी वस्तू तुमच्यासाठी राबली, तिला मखरात बसवू नका आणि अडगळीतही टाकू नका. तिला पुसा, तिचा गंज काढा, तिचं काम तिला द्या. आणि पाण्यावर जाल, तेव्हा पेटीत आधी सोडवायचं हत्यार ठेवा, पकडायचं मागाहून. ज्याला सोडवता येत नाही, त्यानं गळ टाकू नये.

इला टेबलाशी बसून नव्या गळांची उलटी टोकं पकडीनं दाबून सपाट करते आहे, म्हणजे ते रुतले तरी अलगद निघतील. एक एक टोक ती काकांच्या बोटाला लावून विचारते, "टोचतंय?" काका डोळे मिटून सांगतात, "अजून थोडं." आणि ती पुन्हा दाबते.