धरण्याची क्षमता

रविवार, बारा जानेवारी. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. जेवणाच्या टेबलाभोवती माणसे चार, आणि टेबलावरच्या कागदावर कुत्र्यांच्या जाती तीन: बॉक्सर, लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड.

कागद नानांनी आखला होता. टोकदार पेन्सिलीने, पट्टी लावून, अकरा ओळी आणि तीन रकाने. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षे काढलेला माणूस कुत्रासुद्धा मनाला येईल तसा निवडत नाही. कारखान्यात त्यांना पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते. एकदा केसाच्या जाडीइतक्या फरकापायी त्यांनी चाळीस दांडे परत पाठवले, माल वेळेवर गेला नाही, वरिष्ठ हातापाया पडायचे तेवढे बाकी राहिले. पण नानांची सही काही कागदावर उमटली नाही.

“नाना, कुत्रा घ्यायचाय. नोकरीला नाही ठेवायचा,” मुलगा म्हणाला.

“नोकरीला ठेवलेला काढता येतो. हा बारा वर्षं राहणार.”

नात हसली. ती तेरा वर्षांची होती आणि घरात तिला ठिणगी म्हणत. कुत्र्याचा हट्ट तिचाच. दोन वर्षे जुना, आणि कुत्रा मोठाच हवा, पळणारा हवा, हेही तिचेच.

सून एका रुग्णालयाच्या औषध विभागात होती. बाटलीवरचे नाव दोनदा वाचल्याशिवाय ती बाटली हातावेगळी करत नसे, त्यामुळे त्या कागदाची किंमत घरात खऱ्या अर्थाने तिलाच कळत होती. तिने सातव्या ओळीवर बोट ठेवले. ‘रोजचा व्यायाम’ असे त्या ओळीचे शीर्षक होते, आणि तिन्ही रकान्यांत एकच मजकूर होता: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

“हे कोण करणार? हे महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मी आठला निघते ती सातला उगवते. हिची शाळा, शिकवणी.”

“मी आहे की,” नाना म्हणाले.

मुलाने फोन उलटा ठेवला आणि पुन्हा सुलटा केला.

“तुमचा गुडघा, नाना,” सून म्हणाली.

“गुडघा नवा आहे. पंधरा वर्षांची हमी आहे त्याला.”

“गुडघ्याला आहे हो,” मुलगा म्हणाला. “तुम्हाला कुठंय?”

सगळे हसले. नानाही हसले, पण एक क्षण उशिरा.

“मी स्पष्ट बोलते, राग मानू नका,” सून म्हणाली. “ज्याच्या हातात पट्टा, त्याला कुत्रा धरता आला पाहिजे. नसेल जमत तर लहानसा घेऊ. मांडीत मावेल असा. तो गच्चीत धावेल, कुणी खाली न्यायलाही नको.”

‘कुणी’ म्हणजे कोण, हे नानांना कुणी सांगायला नको होते. निवृत्तीला नऊ वर्षे झाली होती, बायको जाऊन तीन. पूर्वी विजेचे बिल भरायला ते जात. आता ते फोनवर भरले जाई. ठिणगीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला जात. आता तिला आजोबा बरोबर आलेले मैत्रिणींसमोर नको असत. घरात त्यांच्याकडे एकच काम उरले होते: बेल वाजली की दार उघडणे. तेही कुणी जिना चढताना फोन केला की सून आतूनच उठे. मोठा कुत्रा आला असता तर रोजचे दोन तास त्यांच्या नावावर लागले असते. नानांनी ते गणित कागद आखायच्या आधीच केले होते, आणि अकरा ओळींपैकी एकीतही ते लिहिले नव्हते.

“बरोबर आहे तुझं,” ते सुनेला म्हणाले. “मोजून बघू. बारावी ओळ घालतो.”

त्यांनी पट्टी लावली आणि ओळ आखली. ‘धरण्याची क्षमता’. नियमही स्वतःच घातला: पट्टा धरणाऱ्याने कुत्र्याच्या वजनाच्या निम्मी ओढ तरी जागेवरून न हलता पेलली पाहिजे. बॉक्सर तीस किलोचा, म्हणजे पंधरा. लॅब्राडॉरला साडेसोळा. शेफर्डला अठरा. पंधरापेक्षाही कमी भरले तर तिन्ही जाती बाद.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा कपाटात होता. त्याचे एक टोक नानांच्या हातातल्या पट्ट्याला अडकवले, दुसऱ्याला दोरी बांधून ती मुलाच्या हातात दिली. तीनदा ओढायचे, आणि नाना कितीवर हलतात तो आकडा वाचायचा होता ठिणगीने. नाना डाव्या हातात कागद आणि पेन्सिल घेऊन उभे राहिले.

“नियम आठवतो ना?” त्यांनी विचारले.

“वाचणारा मोठ्यांदा वाचतो, लिहिणारा तोच आकडा मोठ्यांदा परत म्हणतो, मग लिहितो,” ठिणगीने पाढा म्हटला. लहानपणी आजोबांबरोबर दाराची उंची, पाण्याची टाकी, स्वतःचा ताप असे सगळे तिने याच पद्धतीने मोजले होते. नाना कारखान्यातल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. परत म्हटले नाही तर चूक वाचणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची.

सून स्वयंपाकघरात कुकरकडे गेली. मुलाचा फोन वाजला. त्याने तो खांद्यात धरला, “हो हो, बोला ना, मोकळाच आहे,” असे म्हणाला, आणि मोकळ्या हाताने बापाला ओढू लागला.

नानांनी दात आवळले. गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत आली. टाच फरशीवरून घसरली.

“चौदा,” ठिणगी म्हणाली.

चौदा. बॉक्सरसाठीसुद्धा एक किलो कमी. एका किलोला कमीच म्हणतात, हे नानांपेक्षा कुणाला अधिक ठाऊक असणार? मुलगा दोरी सोडून बोलत बोलत गच्चीत गेला होता. नानांनी कागद भिंतीवर टेकवला. त्यांनी आकडा परत म्हटला नाही. बाराव्या ओळीत त्यांनी लिहिले: २४.

ठिणगीने कागदाकडे पाहिले, मग आजोबांकडे. मोठा कुत्रा तिलाही हवा होता.

“तीनदा ओढायचं ठरलं होतं,” ती हळू म्हणाली.

“एकदा पुरे,” नाना म्हणाले.

बेरजेत बॉक्सरला त्र्याऐंशी गुण पडले, लॅब्राडॉरला एक्याऐंशी, शेफर्डला शहात्तर. लॅब्राडॉर खादाडपणात मागे पडला, शेफर्ड केसांत. सुनेने कागद दोनदा वाचला. “चोवीस म्हणजे भरपूर झाले की,” ती म्हणाली, आणि कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला.

सव्वीस जानेवारीच्या रविवारी कुत्रा आला. बदली झालेल्या एका अधिकाऱ्याचा चौदा महिन्यांचा बॉक्सर, वजन एकतीस किलो, नाव ‘साहेब’. नाव बदलू नका, तो दुसऱ्या नावाला बधत नाही, असे अधिकाऱ्याने बजावले होते. त्यामुळे घरात आणि जिन्यात थट्टेला तोटा राहिला नाही. “साहेब जेवले का?” “साहेबांनी चप्पल खाल्ली.” खालच्या मजल्यावरचा शिंपी दुकानातून मान बाहेर काढून रोज एकच विचारी, “नाना, साहेबांना तुम्ही नेताय की साहेब तुम्हाला?”

पहिले नऊ दिवस नानांनी खरोखर दोन दोन तास काढले. घराच्या मागे गोदामांची लांब गल्ली होती. साहेब तिच्यात शिरला की आगीच्या बंबासारखा सुटे, आणि नाना पट्ट्याच्या टोकाला, पावले मोजत नव्हे तर सावरत, त्याच्या मागे. तळहाताला फोड आले. तरी सकाळी सहाला साहेब त्यांच्या पलंगाशी येऊन त्यांच्या पोटरीला नाक लावी, तेव्हा नाना तीन वर्षांत उठले नव्हते तसे उठत. त्यांनी नोंदवही घातली. तारीख, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, एकूण मिनिटे. सून कामावरून आली की ती वही चाळी आणि म्हणे, “नाना, खरंच कमाल आहे तुमची.”

दहाव्या दिवशी मांजर आडवे गेले. साहेबाने असा हिसका दिला की नाना एका लोखंडी कठड्यावर आदळले. त्यांनी पट्टा त्याच कठड्याला दोन वेढे देऊन बांधला, दम खाल्ला, आणि घड्याळात पाहिले. अजून बेचाळीस मिनिटे व्हायची होती. ती त्यांनी तिथेच उभे राहून काढली. वहीत लिहिले: साठ मिनिटे.

त्यानंतर रोज तेच. गल्लीत जायचे, कठड्याला बांधायचे, शेजारी उभे राहायचे. साहेब आधी ओढे, मग भुंके, मग नुसता त्यांच्याकडे बघत बसे. नाना नजर घड्याळावर ठेवत. घराबाहेर साठ मिनिटे झाली हे खोटे नव्हते, अशी ते स्वतःची समजूत घालत. आणि अशी समजूत घालणाऱ्या किती कामगारांना आपण दारातून परत पाठवले, हेही त्यांना त्याच वेळी आठवे.

न झालेले पळणे साहेबाने घरात पळून घेतले. सोफ्याचा कोपरा फाडला, बाथरूमचे दार खालून कुरतडले, ठिणगीचा शाळेचा प्रकल्प चघळून टाकला. फेब्रुवारीच्या बाविसाव्या तारखेला सून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नाना बरोबर होते.

“आजार काही नाही. याला पळायला मिळत नाहीये,” डॉक्टर म्हणाला.

“रोज दोन तास फिरतो हो. वहीत नोंद आहे,” सून म्हणाली.

डॉक्टरने साहेबाचे पंजे उलटे करून पाहिले, न झिजलेल्या नखांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मग वही पळत असेल.”

सून नानांकडे बघून हसली, डॉक्टरच किती आगाऊ आहे अशा अर्थाने. तिचा त्यांच्यावर विश्वास होता. नानांना तो विश्वास त्या वेळी तळहाताच्या फोडांपेक्षा जास्त झोंबला.

मार्चच्या पाच तारखेला, बुधवारी, सून सुट्टीवर होती. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दारावर नखे घासल्याचा आवाज आला. तिने दार उघडले तर साहेब एकटाच उभा, पट्टा जमिनीवर लोळतो आहे. नाना पंचवीस मिनिटांनी आले. पायजमा गुडघ्यावर फाटला होता, आणि शिंप्याने त्यांना बगलेत धरले होते.

“बांधायच्या आधीच निसटला,” नाना म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना कळले आपण काय बोललो.

“बांधायच्या?” सून म्हणाली.

“अहो, रोज बांधतात की कठड्याला,” शिंपी सरळपणाने म्हणाला. “मागच्या खिडकीतून दिसतं मला. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल.”

सून आरडाओरडा करणारी नव्हती. तिने आधी गुडघा धुतला, औषध लावले, चहा दिला. मुलगा संध्याकाळी गावाहून आला, तेव्हा तिने फ्रिजच्या दारावरचा कागद काढला आणि कपाटातला काटा आणला.

“नाना, बसल्या बसल्याच धरा. मी ओढते.”

काटा साडेअकरावर थांबला.

“आज पडलेत ते,” मुलगा म्हणाला.

“पडलेत म्हणून दोन कमी धर, तीन धर. चोवीस कुठून आले? जानेवारीत कुणी वाचलं होतं?”

सगळ्यांच्या नजरा ठिणगीकडे वळल्या. ती साहेबाच्या मानेत हात घालून फरशीवर बसली होती. तिने आजोबांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. नाना कपातला उरलेला चहा बघत होते.

“मी वाचलं होतं,” ती म्हणाली. “चौदाच्या जागी चोवीस म्हटलं असेन.”

आता एकच वाक्य बोलायचे होते. तीन शब्दांचे: परत म्हटलं नाही. चौतीस वर्षांत ते वाक्य नानांनी दुसऱ्यांच्या तोंडून कितीदा वदवून घेतले होते, आणि ते निघेपर्यंत समोरच्याला खुर्चीवर बसू दिले नव्हते.

“होतं असं,” नाना म्हणाले. “दोन्ही आकडे सारखेच ऐकू येतात.”

“तेरा वर्षांची घोडी तू,” सून मुलीला म्हणाली, “तुला चौदा आणि चोवीस कळत नाहीत? आजोबा मेले असते आज. एका आकड्यापायी.”

ठिणगी रडली नाही. तिने साहेबाच्या मानेतला हात काढला आणि उठून खोलीत गेली. दार तिने आपटले नाही, सावकाश लावले. मुलगा म्हणाला, जाऊ दे, लहान आहे. सून म्हणाली, लहान आहे म्हणूनच आत्ता सांगायचं. कठड्याविषयी मुलाला-सुनेला नानांनाही चार शब्द सुनावायचे होते, पण गुडघ्याकडे पाहून दोघांनी ते गिळले.

शहराबाहेर मुलाच्या ओळखीच्या माणसाची रोपवाटिका होती. कुंपण होते, मोकळी जमीन होती, पट्ट्याची गरज नव्हती. रविवारी, नऊ मार्चला, सकाळी गाडी काढली. नाना बूट घालून दारात उभे राहिले.

“मी येतो सोडायला.”

“मागे साहेब आणि मी बसणार, आजोबा,” ठिणगी म्हणाली. बुधवारनंतर तिने त्यांच्याशी बोललेले हे पहिले वाक्य होते. आवाजात राग नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगतो, तसा तो आवाज होता.

“पुढे आई आहे,” तिने पुढे सांगितले. “जागा नाही.”

नानांनी बूट काढले. जिन्यावरून साहेबाच्या नखांचा आवाज खाली खाली जात राहिला, मग शिंप्याचे काहीतरी विचारणे, मग गाडीची दारे, एकामागून एक चार. ते टेबलाशी बसले, वही उघडली, शेवटच्या पानावर पट्टी लावून ओळ आखली आणि कुणी ऐकायला नसताना आधी मोठ्याने म्हणून मग लिहिले.

साहेब घरात राहिला, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून: त्रेचाळीस दिवस.