फळांच्या थाळीनंतर

तन्नूस अबी खलीलला आपली कारकीर्द आठवायची असली की सामने आठवत नसत, जेवणं आठवत. समुद्रकाठच्या बास्केटबॉल क्लबाने त्याला तळलेल्या मासळीवर कोचच्या नोकरीतून काढलं होतं. त्यानंतरच्या क्लबाने भाजलेल्या लाव्यांवर. तिसऱ्याने कच्च्या मटणाच्या किब्बेवर काढलं, आणि ती किब्बे इतकी फर्मास होती की निरोप कानावर पडला तरी हा गडी रोटीच्या तुकड्याने ताट पुसत होता.

इकडच्या क्लबांत कोचला उपाशीपोटी काढत नाहीत, एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे. अध्यक्ष त्याला जेवायला बोलावतात, बडीशेपेची दारू, अरक, पाजतात, त्याच्या आईची चौकशी करतात. मग फळांची थाळी आली की घसा खाकरतात. काढलेला माणूस हात धुऊन निघून जातो, कॉफीला थांबत नाही. कॉफी राहणाऱ्यांची. आणि कोचलाच क्लब सोडायचा असेल तर त्याने अध्यक्षांना घरी जेवू घालायचं आणि फळं ठेवून सांगायचं. तन्नूसवर ती वेळ कधी आली नव्हती. त्याला सोडायची संधीच कुणी दिली नव्हती.

दैर लौझ हा त्याचा सातवा क्लब. इथे येताना त्याची बायको वदाद हिने बजावलं होतं की आता तिच्या हातून खोकी भरली जाणार नाहीत. मग तिने दाराशी द्राक्षाचा वेल लावला. वेलाला फळ धरायला तीन वर्षं लागतात, हे तन्नूसला ठाऊक होतं. कोचच्या बायकोने वेल लावणं म्हणजे बस स्टँडवर चूल मांडणं, असं तो हसत म्हणाला. वदाद हसली नाही.

दुसऱ्या हंगामात संघ हरायला लागला. उंच अमेरिकन खेळाडूचा घोटा सुजला होता आणि त्याच्याशिवाय बास्केटखाली सगळाच आनंद होता. सलग पाचवा सामना गेला आणि अध्यक्ष मल्हेम यांचा फोन आला. मल्हेमना सगळे अबू अस्साद म्हणत; कोंबड्यांच्या धंद्यावर मोठा झालेला, मऊ मनाचा माणूस.

"तन्नूस, रविवारी जेवायला ये. गप्पा मारू."

तन्नूसने निमंत्रणाचा अर्थ ओळखला. पण सहा क्लबांनी त्याला काही तरी शिकवलं होतंच. जो जेवलाच नाही, त्याला काढणार कसं?

त्याने सांगितलं की ईस्टरपूर्वीचे उपास चालू आहेत. अबू अस्साद म्हणाले, मसूरभात करू, तो तर पाद्रीसुद्धा खातात. मग तन्नूसचं पोट बिघडलं. पुढच्या आठवड्यात अबू अस्सादांनी साधं सूप करतो म्हटलं, तेव्हा तन्नूस गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि एक दाढ उपटून आला. ती दाढ आणखी दहा वर्षं सहज टिकली असती. गालावर बर्फ धरून तो सरावाला उभा राहिला, तेव्हा खेळाडूंना वाटलं, कोच संघासाठी रडतोय. त्या दिवशी पोरं जीव तोडून पळाली.

तोवर घोटा बरा झाला. संघ एक सामना जिंकला, मग आणखी एक, आणि मे महिन्यात दैर लौझ उपांत्य फेरीत होतं. चर्चच्या घंटा वाजल्या. अबू अस्सादांनी तन्नूसला मिठी मारली आणि जेवणाचा विषय पुन्हा काढला नाही.

आणि मग बैरूतच्या मोठ्या क्लबाचा फोन आला. भरलेलं स्टेडियम, परदेशचे दौरे. तन्नूस पोरगेला होता तेव्हापासून तिथल्या कोचच्या बाकावर बसायचं स्वप्न पाहत होता. तो रात्रभर तळमळला. सकाळी त्याने वदादला सांगितलं. ती काही बोलली नाही, बाहेर जाऊन वेलाची कोवळी पानं खुडू लागली. तन्नूसने ती संमती समजली. पुरुषांची ही समजूत जुनीच आहे.

त्याने अबू अस्सादांना जेवायला बोलावलं.

"माझं पोट जरा ठीक नाही रे," अबू अस्साद म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांची साखर वाढली होती. त्याच्या पुढच्या रविवारी कोंबड्यांना तपासायला डॉक्टर येणार होता. अखेर तन्नूसने सांगितलं की वदादने मुद्दाम द्राक्षाची पानं भात घालून भरायला घेतली आहेत, आता नाही म्हणू नका. बाईचा मान राखायला अबू अस्साद आले, पण फाशीला निघाल्यासारखे आले.

ते बसले. वदाद आतून ट्रे घेऊन आली. ट्रेवर कॉफी होती. नुसती कॉफी.

"माफ करा अबू अस्साद," ती म्हणाली, "आज घरात काही शिजलंच नाही."

अबू अस्सादांनी हवेत नाक वर केलं. "वास तर भरलेल्या पानांचा येतोय."

"शेजारचा असेल."

अबू अस्सादांचा चेहरा असा उजळला की तन्नूसला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी घाईघाईने कॉफी संपवली, आणखी एक कप मागून घेतला आणि पुढच्या हंगामासाठी चांगला गार्ड खेळाडू बघायला हवा असं बोलत बोलत निघून गेले.

दार लागलं तसा तन्नूस भडकला. ती आपली इभ्रत घालवते आहे, तो स्वतः आयुष्यभर ज्याची वाट बघत होता ते दार तिने तोंडावर लावलं, असं बरंच काही तो बोलला. वदादने ऐकून घेतलं. मग तिने शेजाऱ्यांचं ते पातेलं स्वतःच्याच स्वयंपाकघरातून आणून टेबलावर ठेवलं.

"आधी जेव."

तो रागारागाने जेवायला बसला. पण पानं कोवळी होती, लिंबू पुरेपूर होतं, आणि चौथ्या पानाला राग कुठल्या कुठे गेला. त्याने पातेलं तळापर्यंत संपवलं. तेव्हा वदादने त्याच्यासमोर थाळी ठेवली. हिरवे बदाम आणि पहिल्या चेरी.

फळं बघून तन्नूसचा हात जागच्या जागी थबकला.

वदादने घसा खाकरला. "तुला बैरूतला जायचं असेल तर जा. तुझं स्वप्न आहे, मी आड येत नाही. पण मी इथून हलणार नाही, तन्नूस. सहा घरं मी तुझ्यासाठी सोडली. हे नाही सोडणार."

सहा अध्यक्षांनी त्याला असाच फळं पुढे ठेवून निरोप दिला होता, आणि दर वेळी तो उठून हात धुऊन निघून गेला होता. दुखलं होतं, पण असं कधीच नाही. तन्नूसने एक हिरवा बदाम उचलला आणि उपटलेल्या दाढेची बाजू सांभाळत सावकाश चावला. खिडकीतून वेल दिसत होता, पानं खुडून खुडून बोडका झालेला. द्राक्षं यायला अजून वेळ होता.

तो खुर्चीवरून उठला नाही.

"कॉफी टाक," तो म्हणाला.