डाव्या हाताची पकड

कुरोइवा या सुमो कुस्तीच्या तालमीचा जन्मच मुळी फुटून निघण्यातून झाला होता. तीसेक वर्षांपूर्वी वस्ताद आपल्या गुरूच्या तालमीतले निम्मे पठ्ठे घेऊन बाहेर पडले आणि सुमिदा नदीपलीकडे त्यांनी स्वतःचं रिंगण बांधलं. गुरूने मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून जो तो आपला केसाने गळा कापायला टपलाय असं वस्तादांना वाटायचं, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांना भाताबरोबर हा संशयही पोटभर मिळायचा.

किरिगामिने नावाचा मल्ल तर त्या जेवणावरच पोसलेला. धाकटे वस्ताद सेगावा वेगळी तालीम काढायला जागा बघताहेत, ही कुणकुण त्यालाच आधी लागली. मग त्याची नजर तेत्सुहामावर गेली. दोघे एकाच दिवशी तालमीत आलेले, एका पातेल्यातलं जेवलेले, एकमेकांच्या पाठी चोळलेले. तेत्सुहामाच्या डाव्या हाताची पकड म्हणजे मगरमिठी. पण हल्ली सरावात ती दिसेनाशीच झाली होती. तो नुसता छातीने रेटायचा.

किरिगामिनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका तालमीतल्या मल्लांची स्पर्धेत आपसात गाठ घालत नाहीत. मग घरच्या माणसापासून पकड लपवायची कशाला? लपवायची ती उद्याच्या प्रतिस्पर्ध्यापासून. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"काय रे, डावा हात माहेरी गेलाय का?" त्याने जेवताना विचारलं.

"येईल की सणाला," तेत्सुहामा हसला.

"सेगावा काय म्हणत होते काल पुलावर?"

"जेवायला चल म्हणत होते."

"मग?"

"भूक नाही म्हटलं."

भूक नाही! दीडशे किलोच्या गड्याला! पठ्ठ्या ताकास तूर लागू देत नव्हता. किरिगामिनेने त्याच क्षणी ठरवलं, उद्या त्याला ती पकड बाहेर काढायलाच लावायची.

सकाळी वस्ताद उंबऱ्यापाशी बसून बघत होते. किरिगामिने स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी भिडावं तसा भिडला. त्याने तेत्सुहामाचा डावा हात काखेत आवळला आणि जीव खाऊन पिळला.

"काढ! काढ तुझी डावी!"

आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. तेत्सुहामा मातीत बसला, आणि त्याचा हात खांद्यापासून लोंबत राहिला.

गाडीतून इस्पितळात जाताना किरिगामिनेने त्याच्या खांद्यावर बर्फ धरला होता.

"मागच्या दौऱ्यातच दुखावलेला," तेत्सुहामा डोळे मिटून म्हणाला. "वस्तादांना कळलं असतं तर स्पर्धेतून बाहेर बसवलं असतं. क्रमवारीत धाडकन खाली आलो असतो."

"मला तरी सांगायचंस!"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं रे. वस्तादांनी लगेच ओळखलं असतं."

"आणि सेगावा?"

"माझ्याबरोबर चल म्हणाले. मी नाही म्हटलं."

"का?"

"गेलो असतो तर स्पर्धेत तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. म्हटलं, आपला हात काही तुझ्यावर उठायचा नाही." तेत्सुहामाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "तुझा उठला."

किरिगामिनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतलं बर्फाचं पाणी त्याच्या मांडीवर ठिबकत होतं, पण हात हलवायचं त्याला धाडस होईना.